कन्सोल घेताय? आकडा नको, गेमची यादी बघा



मधल्या सुट्टीत नववीतली दोन मुलं तावातावाने भांडत होती. भांडण कशावरून? 'बारा मोठे की दहा?' गणिताचं नव्हे हो! एकाचं म्हणणं, एक्सबॉक्स सिरीज एक्सची ताकद 12 टेराफ्लॉप. दुसरा प्लेस्टेशन 5 वाला, त्याच्याकडे 10.28. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिती क्रिया. पाढे म्हणताना अडखळणाऱ्या मुलांना हे मात्र तोंडपाठ!

पहिल्या मुलाची आई दोन दिवसांनी भेटायला आली. "सर, ज्याचा आकडा मोठा तोच घ्यायचा ना? पन्नास हजारांचा प्रश्न आहे."

मी म्हटलं, नाही. का नाही, ते इथे सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न आज अनेक घरांत आहे.

थोडं मागे जाऊ. 1989 साली निन्टेंडोने 'गेम बॉय' आणला. हिरवट पडदा, त्यावर चारच छटा, आतून उजेडसुद्धा नाही. पुढच्याच वर्षी जपानमध्ये सेगाचा 'गेम गिअर' आला, रंगीत आणि उजेडाच्या पडद्याचा. कागदावर तुलना केली तर गेम बॉय नापासच व्हायला हवा होता. पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत संपवायचा. गेम बॉयला चारच सेल लागायचे आणि ते दहा तासांहून जास्त टिकायचे. शिवाय अमेरिकेत त्याच्या खोक्यातच 'टेट्रिस' मिळायचा, जो आजीपासून नातवापर्यंत सगळे खेळू शकत. 1996 मध्ये जपानात 'पोकेमॉन' आला आणि सात वर्षं जुन्या यंत्रात पुन्हा जीव आला. पुढच्या रंगीत आवृत्तीसह गेम बॉय 11 कोटी 80 लाखांहून जास्त विकला गेला; गेम गिअर साधारण एक कोटीवर थांबला. गेम बॉयचे जनक गुनपेई योकोई यांचा विचारच असा होता, की जुनं, स्वस्त, पारखलेलं तंत्रज्ञान घ्या आणि ते नव्या तऱ्हेने वापरा.

2017 च्या 'स्विच'चंही तेच. 2013 च्या प्लेस्टेशन 4 पेक्षा तो कमी ताकदीचा, तरी 15 कोटींच्या वर खपला. कारण मारिओ आणि झेल्डाचे नवे गेम दुसरीकडे मिळतच नाहीत.

आता कोणी म्हणेल, मग ताकदीला काहीच अर्थ नाही का? आहे ना! डिसेंबर 2020 मध्ये 'सायबरपंक 2077' आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका रखडत चालला की सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून तो काही महिने काढूनच टाकला. म्हणजे गेम नीट चालण्याइतकी ताकद हवीच. पण त्यापुढे 10 आणि 12 मधला फरक घरच्या टीव्हीवर डोळ्यांना क्वचितच कळतो. 'स्पायडर-मॅन 2' मात्र एक्सबॉक्सवर नाही म्हणजे नाही. तिथे बारा काय, वीस टेराफ्लॉप असले तरी उपयोग शून्य.

कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. सोनीने 2019 मध्ये स्पायडर-मॅन बनवणारी इन्सोम्नियॅक ही कंपनीच विकत घेतली. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डसाठी सुमारे 69 अब्ज डॉलर मोजले. खरं सांगायचं तर मला ही अडवणूकच वाटते. पुस्तक एकाच दुकानातल्या चष्म्याने वाचता येईल, असं कोणी म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? हल्ली या भिंती थोड्या ढासळतायत. मायक्रोसॉफ्टचा 'फोर्झा होरायझन 5' 2025 मध्ये प्लेस्टेशनवर आला, सोनीचे बरेच गेम संगणकावर येऊ लागले. त्यामुळे मित्राने मागच्या वर्षी सांगितलेली माहिती यंदा खरी असेलच असं नाही.

त्या आईंना मी एवढंच सुचवलं, की मुलाला खेळायचेत ते पाच गेम कागदावर लिहायला सांगा. प्रत्येकासमोर तो कशाकशावर चालतो आणि कोणत्या वयासाठी आहे, तेही त्यालाच शोधू द्या. चार दिवसांनी पठ्ठ्या कागद घेऊन आला. 'गॉड ऑफ वॉर' त्याने स्वतःच खोडला होता, कारण तो मोठ्यांसाठीचा निघाला. उरलेल्या चारपैकी तीन गेम दादाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेल्या संगणकावर चालत होते.

"सर," तो हळूच म्हणाला, "हे आईला सांगायलाच पाहिजे का?"