वरणाची वाटी आणि हिशेबाची वही

घरच्या जेवणातील सत्त्वांश वहीत टिपून ठेवण्याची रीत काही कुटुंबांत रुजू लागली आहे, ती स्तुत्यच म्हटली पाहिजे. मात्र ‘दोन वाट्या वरण’ ही नोंद निरर्थक होय. वरण घट्ट होते की पातळ, हे वाटी सांगत नाही. आपल्या तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेक आकडे कच्च्या जिनसांचे आहेत. तेव्हा पानात वाढलेले अन्न नव्हे, तर शिजवण्यापूर्वीचे धान्य तोलावे.

पाच माणसांसाठी २०० ग्रॅम तुरीची डाळ घेतली, तर शंभर ग्रॅमला सुमारे २२ या प्रमाणाने तीत ४४ ग्रॅम प्रथिने असतात. पाणी कितीही घाला, ही बेरीज ढळत नाही. पाचांनी भागले की प्रत्येकी जवळजवळ नऊ ग्रॅम! भागाकार बिनचूक, आम्ही शाळेत शिकवतो तसाच.

परंतु वाढणी भागाकाराप्रमाणे होत नसते. मुले दुसऱ्यांदा वरण मागतात, अवचित पाहुणा येतो आणि उरलेल्या वरणात तांब्याभर पाणी पडते. शेवटी जेवणाऱ्या गृहिणीची वाटी भरलेलीच दिसते! २०२०च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे पन्नास किलो वजनाच्या स्त्रीस दिवसाकाठी सुमारे ४२ ग्रॅम प्रथिने हवीत. सरासरीच्या रकान्यात तिची तूट दिसत नाही. वाचकहो, वहीत तिच्या नावाचे स्वतंत्र पान घालावे, आणि ते घरातील दुसऱ्या कोणी भरावे. तिला विचाराल, तर ‘माझे पोटभर झाले’ एवढेच ती सांगेल.