पांढऱ्या पेशी आणि पाळीचा कामगार

२५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला यांनी अंतराळात झेप घेतली. १९८४ साली राकेश शर्मा गेले होते, त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी दुसरा भारतीय तेथे पोहोचला. देशाने या घटनेचे कौतुक केले आणि ते यथोचितच होते. मात्र उड्डाणापूर्वी शुक्ला व त्यांच्या तीन सहकाऱ्यांना महिनाभर विलगीकरणात ठेवण्यात आले होते, या गोष्टीची चर्चा फारशी झाली नाही. धडधाकट, निवडून घेतलेल्या माणसांची एवढी जपणूक कशासाठी? अंतराळात माणसाची रोगप्रतिकारशक्ती खालावते, हे त्याचे कारण. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या श्रमिकाने समजून घ्यावा असा बराच आशय या एका कारणात आहे.

अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतील २९ अंतराळवीरांपैकी १५ जणांना प्रवासात अथवा परतल्यावर आठवड्याभरात जंतुसंसर्ग झाला. पुढे १९८३ साली स्पेसलॅबच्या पहिल्या मोहिमेत ऑगुस्तो कोगोली यांनी माणसाच्या रक्तातील लिम्फोसाइट, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, अंतराळात पाठविल्या. जमिनीवर या पेशींना विशिष्ट द्रव्याने चेतविले की त्या झपाट्याने विभागू लागतात. वजनरहित अवस्थेत हा प्रतिसाद जमिनीवरील प्रतिसादाच्या तीन टक्क्यांहूनही कमी भरला. १९८५ च्या मोहिमेत काही पेशी यानातच फिरत्या यंत्रावर ठेवून त्यांना कृत्रिम वजन देण्यात आले, तेव्हा त्यांचे कार्य पुष्कळसे पूर्वपदावर आले. वजनाचा अभाव पेशीच्या आतील सांगाड्यापर्यंत पोहोचतो, हे अशा प्रयोगांतून दिसून आले.

परंतु काचपात्रातील पेशी वेगळी आणि जिवंत माणूस वेगळा. अंतराळवीराच्या शरीरात आणखी काही घडत असते. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर त्यांचा विषाणू शरीरात जन्मभर निद्रिस्त राहतो. पांढऱ्या पेशींचा पहारा ढिला पडला की तोच नागीण होऊन उठतो. या कुळातील विषाणूंसाठी अंतराळवीरांची तपासणी झाली. अल्प मुदतीच्या उड्डाणांत ८९ पैकी ४७ आणि अंतराळस्थानकावरील दीर्घ मुक्कामात २३ पैकी १४ जणांच्या शरीरातून असे विषाणू पुन्हा बाहेर पडू लागल्याचे आढळले. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवला नाही. पण पहारा ढिला झाला होता, हे निश्चित. त्यामागे वजनरहितता आणि किरणोत्सर्ग आहेत; तसेच मनावरील ताण, त्यामुळे वाढणारे कॉर्टिसॉलसारखे संप्रेरक, अपुरी झोप, कोंदट जागा आणि दिवसातून सोळा वेळा सूर्योदय पाहणाऱ्या शरीराचे बिघडलेले घड्याळ हेही आहे.

कारणांच्या या यादीतून वजनरहितता आणि किरणोत्सर्ग वगळले, तर उरते ते डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील अथवा वागळे इस्टेटमधील पाळीच्या कामगाराचे रोजचे जीवन. आज पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. दिवसा पत्र्याखालच्या खोलीत येईल तेवढी झोप. कल्याणहून चोपन्न किलोमीटरवरील मुंबईला जाणाऱ्या नोकरदार स्त्रीची झोप पहाटेचा डबा आणि लोकल यांत कापली जाते. त्या लोकलच्या दारात लोंबकळत जाणारी माणसे ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ रुळांवर पडून मेली. अपघाताची बातमी होते. रोजच्या शिणाने आतल्या आत होणारी झीज मात्र कोणाच्या नोंदीत येत नाही.

ही झीज काल्पनिक नाही. अमेरिकेत १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक निघाली. आपल्याकडे प्रश्न सर्दीपुरता नाही. क्षयाचे जंतू असंख्य भारतीयांच्या शरीरात पांढऱ्या पेशींनी कोंडून ठेवलेले असतात. उपासमारीने हा वेढा सैल झाला की रोग उफाळतो. झारखंडात क्षयरुग्णांच्या घरातील दहा हजारांवर माणसांचा अभ्यास झाला. ज्या घरांतील सर्वांना पोषक शिधा देण्यात आला, तेथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले, असे २०२३ साली जाहीर झाले. रोगप्रतिकारशक्ती ही भाकरी, झोप आणि विसावा यांवर उभी असते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा?

अंतराळावर खर्च कशाला, असा सवाल चळवळीतही कधी कधी ऐकू येतो. तो ऱ्हस्व दृष्टीचा आहे. विज्ञानाने माणसाच्या शरीराविषयी मिळविलेले ज्ञान ही साऱ्या समाजाची मिळकत होय. तक्रार ज्ञानाविषयी नाही, त्याच्या वाटपाविषयी आहे. शुक्ला अठरा दिवसांच्या मुक्कामानंतर परतले, तेव्हा त्यांच्या प्रकृतीवर देखरेख ठेवण्यास वैद्यांचे पथक सज्ज होते. तीस वर्षे रात्रपाळी करणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या रक्ताचा एक थेंबही अनेकदा कोणी तपासलेला नसतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी श्रमसंहिता लागू झाली असून चाळिशीपुढील कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची ग्वाही सरकारने दिली आहे. कामगारविरोधी म्हणून या संहितांना होणारा विरोध आपल्या जागी आहे. परंतु दिलेली ग्वाही वसूल करणे हेही संघटनेचेच काम आहे. कारखान्याकारखान्यांत कार्यकर्त्यांनी विचारावे: तपासणी खरोखर होते का? तीत छातीचे चित्र आणि रक्ताची चाचणी असते का? निकाल कामगाराच्या हाती पडतो का? पंचविशीतल्या कंत्राटी मुलाला तीतून का वगळले जाते? त्याचबरोबर सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा, दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती आणि क्षयरुग्णाच्या सबंध कुटुंबास शिधा या मागण्या प्रत्येक मागणीपत्रकात आल्या पाहिजेत. पगारवाढीच्या कलमाखाली त्या आजवर दबून राहिल्या. यापुढे त्यांना स्वतंत्र कलम मिळावे.