चौथीच्या वर्गातला 'कशावरून?'

नऊ वर्षांच्या मुलाला इतिहास कळत नाही, हे मत हल्ली शिकल्यासवरल्या पालकांकडून सर्रास ऐकू येतं. या वयात काळाचं भान नसतं, शंभर वर्षं आणि हजार वर्षं मुलांना सारखीच वाटतात. तेव्हा सहावीपर्यंत थांबावं आणि तोवर थोरांच्या गोष्टी सांगाव्यात, असं त्यांचं म्हणणं. यातलं निरीक्षण मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. शतकं मोजता येत नाहीत म्हणून पुरावाही तपासता येत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? गल्लीतल्या क्रिकेटमध्ये रनआउटवरून भांडण झालं की हीच मुलं साक्षीदार आणतात, 'तू तेव्हा उभा कुठे होतास' असं विचारतात आणि मातीतला बॅटचा ओरखडा दाखवतात.

मुलांना आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणायला सांगा. बऱ्याच दाखल्यांवर जन्मतारीख १ जून सापडेल. इतके आजोबा एकाच दिवशी कसे जन्मले, हा प्रश्न मुलंच विचारतील. घरी तारीख टिपलेली नसे, मास्तर अंदाजानं वय धरून शाळेच्या सोयीची तारीख घालत, हे तेव्हा सांगावं. सही-शिक्क्याचा कागदही तपासून घ्यावा लागतो, हे त्यांना तिथेच कळतं. एखादीची आजी म्हणेल, 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी रांगत होते.' तो भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. आता आजीचा जन्म साधारण कधीचा, ते मुलं बोटांवर काढतील. काळाचं भान असंच येतं. सनावळी घोकून ते कधी कुणाला आलेलं नाही.

आपल्याकडे चौथीला शिवछत्रपती शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पण कसे शिकवतात? गाळलेल्या जागा भरा, जोड्या जुळवा. महाराजांची जन्मतारीखच घ्या. पूर्वी शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, हे वर्ष सांगितलं जाई. टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली ही जुन्या घटनांची तारीखवार यादी प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती. अभ्यासकांचा वाद बरीच वर्षं चालला आणि २००१मध्ये राज्य सरकारनं त्याच तिथीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. आजोबांचा दाखला पाहिलेल्या मुलाला यातलं काय जड आहे?

दुसरा आक्षेप भावनेचा आहे : मुलं 'कशावरून?' विचारू लागली तर श्रद्धा डळमळेल. हा आक्षेप मला महाराजांवरचाच अविश्वास वाटतो. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना त्यांनी धाडलेलं पत्र मुलांना सोपं करून वाचून दाखवा. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणा-गवत आताच उधळाल तर पुढे घोडे उपाशी मरतील आणि तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाजी, लाकूड ओरबाडू लागाल, असं त्यात बजावलं आहे. रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताला आग लागेल, हेही लिहिलं आहे. ज्या राजाला उंदराची आणि शेतकऱ्याच्या भाजीची काळजी आहे, तो मुलांना तलवारीच्या चित्रापेक्षा जवळचा वाटतो. शिवाय ही गोष्ट कुणी रचलेली नाही, हे पत्र खरोखर लिहिलं गेलं, हे कळल्यावर त्यांचा आदर वाढतो.

वेळ नाही, ही शिक्षकांची अडचण मात्र खरी आहे. एकेका शिक्षकावर दोन-दोन वर्ग असतात, वर माहित्या भरण्याचं काम. म्हणून पुस्तक जाड करा असं मी म्हणत नाही. दोन-तीन प्रसंग कमी करा आणि राहिलेल्या प्रत्येक धड्यात एक पत्र, नाणं किंवा शिलालेख, मूळ छायाचित्रासह द्या. परीक्षेत 'कोण, कोणास म्हणाले' याच्या शेजारी आणखी एक प्रश्न गुणांसकट छापा : हे आपल्याला कशावरून कळलं? गुण असले की तो वर्गात शिकवला जाईल.