जपानचा खाऊ आपल्याच शिवारात

जपानी खाद्यपदार्थांचे कौतुक आता मोबाइलमधून आपल्या घराघरांत पोहोचले आहे. सुशी, मोची, रामेन ही नावे कळमनुरी-सेनगावच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. यातले काय खाऊन बघावे, असे कोणी विचारले तर बहुतेकांना वाटेल की त्यासाठी पुणे-मुंबईलाच जावे लागेल. प्रत्यक्षात एक जपानी खाऊ आपल्या वाडी-तांड्यांवरच्या टपरीत केव्हाच येऊन बसला आहे आणि दुसरा आपल्याच शेतात उभा आहे. टपरीतला आपण रोज विकत घेतो. शेतातला मात्र आपण खात नाही, पोत्यात भरून विकून टाकतो.

टपरीतला खाऊ म्हणजे झटपट नूडल्स. मोमोफुकु आंदो या उद्योजकाने १९५८ मध्ये जपानमध्ये त्या बाजारात आणल्या. शिजवलेल्या शेवया तेलात तळायच्या, म्हणजे त्यांतले पाणी निघून जाते, त्या टिकतात आणि गरम पाण्यात लगेच मऊ होतात. दुसऱ्या महायुद्धानंतरची अन्नटंचाई पाहिलेल्या देशासाठी ही युक्ती मोलाची होती. पण रोजचा आहार म्हणून पाहिले तर त्यात मुख्यतः मैदा, तेल आणि मीठ आहे. एका पाकिटात साधारण दोन ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे. म्हणजे लोणचे, पापड, भाजी, वरण यांच्या आधीच त्यातला मोठा वाटा संपतो. लहान मुलांची मर्यादा तर याहून कमी असते.

मिठाची किंमत काय मोजावी लागते, हे जपानइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल. १९५१ ते १९८० या काळात तिथे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात होते. उत्तरेकडच्या आकितासारख्या भागात, जिथे हिवाळाभर खारवलेल्या भाज्या, मासे आणि मिसो खाल्ले जात, तिथे माणशी मिठाचे प्रमाण दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास होते. मग गावोगावी रक्तदाब तपासला गेला, घरातल्या सुपातले मीठ मोजले गेले, बायकांना कमी मिठाचा स्वयंपाक शिकवला गेला. पक्षाघाताचे मृत्यू पुढे झपाट्याने घटले. आजही जपानी माणूस ५ ग्रॅमपेक्षा जास्तच मीठ खातो. त्यामुळे जपानचे ते सगळे पौष्टिक, असे समजायचे कारण नाही. सोया सॉस लावलेल्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या म्हणजे सेनबेई, त्या चवीला उत्तम, पण आपल्या पापडासारख्याच खारट.

मग खाऊन बघावे असे काय? माझे उत्तर सोयाबीन. जपानमध्ये सोयाबीनच्या हिरव्या कोवळ्या शेंगांना एदामामे म्हणतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी त्या मिठाच्या पाण्यात उकडून, दातांनी दाणे ओढून खातात. आपण भुईमुगाच्या किंवा तुरीच्या शेंगा उकडून खातो, अगदी तशाच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुन नावाचा सण असतो. त्या दिवशी संकट घराबाहेर घालवण्यासाठी भाजलेले सोयाबीन फेकतात आणि आपल्या वयाइतके दाणे मोजून खातात. भाजलेल्या सोयाबीनचे पीठ म्हणजे किनाको, ते तांदळाच्या मऊ मोचीवर भुरभुरतात. आपल्या सातूच्या पिठाची आठवण यावी असा त्याचा खमंग वास असतो. तोफू आणि आंबवलेला नात्तो हेही सोयाबीनचेच. हिवाळ्यात रस्त्यावर विकले जाणारे भाजलेले रताळे हा तिथला आणखी एक आवडता खाऊ, पण ते आपल्याला उपवासापुरतेच आठवते.

आपल्या जिल्ह्यात खरिपात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन असते. ते मोंढ्यात जाते, तिथून कारखान्यात. तेल निघते आणि उरलेली प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे किलोला ४९ रुपयांच्या आत. अनेक शेतकऱ्यांना त्या हंगामात तेवढाही दर मिळाला नाही. या एका किलोत साडेतीनशे ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, तूरडाळीपेक्षा जवळजवळ दीडपट. ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. सोयाबीनमध्ये ते भरपूर असल्याने भाकरीतली उणीव भरून निघते.

याची गरज किती आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसते. महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आमच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी आलेल्या मुलांच्या हातात चिप्सचे पाकीट असते आणि त्यांच्याच घरी सोयाबीनची पोती रचलेली असतात. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. वाटीभर उकडलेल्या हिरव्या दाण्यांतून त्यातली अकरा-बारा ग्रॅम मिळतात, म्हणजे दोन अंड्यांएवढी.

करायचे कसे? भाद्रपदाच्या सुमारास, शेंगा भरलेल्या पण हिरव्यागार असताना त्या तोडाव्यात. स्वच्छ धुऊन, चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे चांगल्या उकडाव्यात. दाणे खावेत, लव असलेले टरफल टाकून द्यावे. वाळलेले सोयाबीन रात्रभर भिजवावे, ते पाणी फेकावे, नव्या पाण्यात वीस मिनिटे उकळून कडक वाळवावे आणि मग खमंग भाजावे. दळून नऊ भाग ज्वारी किंवा गव्हाच्या पिठात एक भाग मिसळले तर भाकरी-पोळीची चव फारशी बदलत नाही. गूळ घालून लाडूही होतात. कच्चे सोयाबीन मात्र कधीही खाऊ नये. त्यात ट्रिप्सिन-रोधक नावाचे घटक असतात, ते प्रथिनांचे पचन अडवतात आणि पोट बिघडवतात. नीट उकडल्याने त्यांचा जोर बराच मोडतो.

काही गोष्टी जपायला हव्यात. पेरणीनंतर उरलेले, औषध लावलेले बियाणे खाण्यात कधीही येऊ देऊ नका. ते विष आहे, धुतल्याने खाण्याजोगे होत नाही. हिरव्या शेंगा खायच्या असतील तर बांधालगत चार ओळी फवारणीविना राखा. फवारलेल्या शेतातल्या शेंगा तोडून मुलांना देऊ नका. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कडक भाजलेले अख्खे दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. जपान सरकारही पालकांना हाच इशारा देते. थायरॉइडची गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचे अंतर ठेवावे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. सोयाबीन खाल्ल्यावर अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा दम लागला तर ते बंद करून लगेच दवाखाना गाठावा. सोयाबीनने पुरुषांचे पौरुष कमी होते, हा समज मात्र सोडून द्यावा. अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात पुरुष संप्रेरकांवर असा परिणाम दिसलेला नाही.

हे काम एकट्या घरावर सोडून चालणार नाही. भाजीसाठीचे ‘स्वर्ण वसुंधरा’सारखे सोयाबीनचे वाण देशात तयार झाले आहे, ट्रिप्सिन-रोधकाचा एक मुख्य प्रकार नसलेले ‘एनआरसी १२७’ही आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ जवळ आहे, तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र तर जिल्ह्यातच आहे. आपल्या जमिनीत अशी वाणे कशी येतात, हे त्यांनी शेतकऱ्यांच्या बांधावर दाखवावे. बचत गटांनी भाजलेल्या सोयाबीनची छोटी पाकिटे आणि लाडू करावेत, शाळेच्या आवारात नूडल्सऐवजी ती विकावीत. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस सोयाबीनच्या पिठाचा पदार्थ देणे जिल्हा परिषदेला अवघड नाही. दाणा इथलाच आहे, बाहेरून काही मागवायचे नाही.

येत्या हंगामात मोंढ्यावर गाडी भरण्याआधी एक पोते घरासाठी बाजूला काढा. त्याला औषधी लागलेले नाही आणि ते नीट वाळलेले आहे, एवढे बघा. वर्षभर रोज मूठभर दाणे त्यातून निघतील आणि घरातल्या वाढत्या मुलांच्या ताटात ते दिसले पाहिजेत.