कर्करोग : स्त्रीचा आणि पुरुषाचा

नाशिकपासून तीसएक किलोमीटरवरील सिन्नर हे विडी उद्योगाचे जुने गाव. टेंभुर्णीच्या पानात तंबाखू भरून ते वळण्याचे व दोऱ्याने बांधण्याचे काम तेथे पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः स्त्रियांनी केले. विड्या ओढल्या मात्र बहुतेक पुरुषांनी. स्त्री आणि पुरुष यांच्या कर्करोगात जो फरक आढळतो, त्याचे सारे मूळ या एका व्यवहारात आहे, असे कोणालाही वाटेल. ते पुरते खरे नाही.

जगभर कर्करोग पुरुषांना अधिक होतो आणि त्याने मरणाऱ्यांतही पुरुषच अधिक असतात. तंबाखू व मद्य यांचा वाटा त्यात मोठा आहेच. तथापि अमेरिकेतील सुमारे तीन लाख प्रौढांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या सवयी हिशेबात घेऊनही बहुतेक अवयवांच्या बाबतीत पुरुषांचे पारडे जडच राहिले. अपवाद मुख्यतः कंठग्रंथी आणि पित्ताशय यांचा. स्त्रीच्या पेशीत एक्स गुणसूत्रे दोन असतात. त्यांपैकी एक बहुतांशी निद्रिस्त असले, तरी गाठींना आवर घालणारी त्याच्यावरील काही जनुके जागी राहतात. त्यामुळे एक प्रत बिघडली तर दुसरी सावरून घेते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

भारतात मात्र हे पारडे फिरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली देशात स्त्रियांमध्ये ७ लाख २२ हजार नवे रुग्ण आढळले, पुरुषांमध्ये ६ लाख ९१ हजार. मृत्यू मात्र पुरुषांचे ४ लाख ७० हजार आणि स्त्रियांचे ४ लाख ४७ हजार. रोग स्त्रियांना अधिक, मरण पुरुषांना अधिक! एवढ्यावरून स्त्रियांचे बरे चालले आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि तितकेच फसवे.

कारण दोघांचे कर्करोग एकाच जातीचे नव्हेत. स्त्रियांच्या नव्या रुग्णांत १ लाख ९२ हजार स्तनाच्या आणि सव्वा लाखांहून अधिक गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या होत्या. हे दोन्ही रोग शरीरात खोल दडून बसणारे नव्हेत. स्तनातील गाठ हाताला लागते. गर्भाशयमुखाला तर संसर्गापासून कर्करोगापर्यंत पोचण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढ्या अवधीत साध्या तपासणीने तो अडविता येतो. तेव्हा तुलना करावयाची ती पुरुषांशी नव्हे, वेळेवर निदान होणाऱ्या स्त्रियांशी. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्यांचा हिशेब पाहिला, तर स्तनाच्या कर्करोगानंतर पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रिया अमेरिकेत शंभरांत नव्वद होत्या, भारतात सहासष्ट. हा फरक गुणसूत्रांचा नव्हे.

दुखणे 'अंगावर काढणे' हा शब्दप्रयोग मराठी घरांत बहुधा बाईच्या संदर्भातच ऐकू येतो. गाठ दुखत नाही, म्हणून सांगितली जात नाही. अंगावरून पांढरे जाणे ही बोलावयाची गोष्टच नव्हे. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील मजूर स्त्रीला नाशिकच्या रुग्णालयात यावयाचे, तर एसटीचे भाडे, बुडालेला रोज आणि सोबतीला कोणी तरी, एवढी जुळवाजुळव करावी लागते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च भागतो, पण निदानाआधीची ही वाट तिची तिलाच चालावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या आढळल्या शंभरांत दोनही नव्हत्या. त्याच वयाच्या पुरुषांत तोंडाची तपासणी झालेले १.२ टक्के! पुरुषांनाही फुशारकी मारण्यास जागा नाही. तोंडाचा कर्करोग आरशात दिसतो, तरी राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी असूनही पुड्या दुर्मिळ झालेल्या नाहीत. मिसरी लावणाऱ्या बायकांना तर आपण तंबाखू खातो असे वाटतच नाही.

उपाय शोधण्यासाठी परदेशी जावयास नको. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचे धाराशिव) टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांच्या सहभागाने १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेला प्रयोग २००९ साली जगापुढे आला. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीने आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले : तपासणी न झालेल्या गटात ६४, झालेल्या गटात ३४. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी केलेल्या ॲसिटिक आम्लाच्या तपासणीने हेच मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही ठिकाणी तपासणी बाईच्या वस्तीजवळ गेली होती, आणि दोष सापडल्यावर पुढील उपचारांची सोय आधीच करून ठेवलेली होती.

या अनुभवाला पंधरा वर्षे उलटली. शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयाची वाट धरावी लागण्यापूर्वीच सुरगाण्याच्या उपकेंद्रात आठवड्यातील एक ठरलेला वार, तपासणारी बाईच, आणि तोही शेतमजुरीचा हंगाम टाळून, एवढे करावयास कोणत्या नव्या शोधाची वाट पाहिली जात आहे? कात्रीने पान कापून विडी वळणाऱ्या सिन्नरच्या बाईला आपल्या तोंडातील पांढरा चट्टा कोणाला दाखवावा, हे आज तिच्या गल्लीत सांगणारे कोणी असेल, तर ती फार तर आशा कार्यकर्ती. तिच्याजवळ निदान एक विजेरी आणि पुढे कोठे पाठवावयाचे त्याची चिठ्ठी तरी असावी.