शिसवी आमची, गिटार त्यांची

गेल्या वर्षी मी हाताने एक बास गिटार केली. विजेची नव्हे, पोकळ पेटीची, चार तारांची, भिंतीतल्या बटणाशी काडीचा संबंध नसलेली. ती पाहायला जी मंडळी घरी आली त्यांचे सरळ दोन तट पडले. पहिल्या तटाचे म्हणणे, ‘हे काय आपले वाद्य आहे?’ दुसऱ्याचे, ‘एवढा खटाटोप कशाला? दुकानात तयार मिळते की!’ दोन्ही तट आपल्याच माणसांचे, शिकल्यासवरल्या माणसांचे, दिवाळी अंक विकत घेऊन वाचणाऱ्यांचे. म्हणून त्यांना उत्तर इथेच देतो.

पहिला प्रश्न करणारे गृहस्थ स्वतः उत्तम पेटी वाजवतात. पेटी! अलेक्झांडर दबेन या फ्रेंच माणसाने १८४२ मध्ये पॅरिसमध्ये जिचे पेटंट घेतले ती हार्मोनियम. हे वाद्य परके आहे, आपल्या गमका-मींडांना मारक आहे, असे म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दार बंद केले आणि पुढे १९७१ पर्यंत ते किलकिलेसुद्धा केले नाही. त्याच काळात इकडे गोविंदराव टेंब्यांच्या बोटांची आठवण काढल्यावाचून नाट्यसंगीताची बैठक पुरी होत नव्हती. तेव्हा वाद्य कोणाचे, हे ते कुठे जन्मले यावरून ठरत असेल तर आपल्या घराघरांतली पेटी आधी परत करावी लागेल, तिच्यामागोमाग व्हायोलिनही. गिटार पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आली. खालच्या सुराचे मोठे वाद्यही आपल्या शेजाऱ्यांना नवे नाही. गोव्यात लदीनाला व्हायोलिनांच्या जोडीला रबेकांव म्हणजे डबल बास घेऊन बसणारी माणसे होती. चोर्ला घाट उतरला की जे आपले असते ते घाट चढून आले की परके कसे होते, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे, कारण तो विचारणाऱ्याला आपण काय विकत घेतो याचा पत्ताच नसतो.

बासची सर्वांत जाड तार पेटीवाल्यांच्या भाषेत अगदी खालच्या पांढरी तीनला लावतात. ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा हलते. साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या निम्मीच. या सुराची हवेतली लाट सत्तावीस फुटांच्या आसपास लांब असते. एवढी लाट उठवायची तर हवाही तशी ढकलावी लागते. उभा डबल बास माणसाहून उंच असतो तो काही शोभेसाठी नव्हे. मोठ्या घड्याच्या तोंडावर फुंकर घाला, मग लहान लोट्याच्या. घडा खाली बोलतो, लोटा वर. गिटारच्या पेटीचेही तसेच. आतली हवा जास्त आणि भोक बेताचे, तर पेटीचा स्वतःचा सूर खाली उतरतो आणि खालच्या तारांना हात देतो. दुकानातल्या बहुतेक ‘ऍकॉस्टिक बास’ची पेटी साध्या गिटारपेक्षा जेमतेम मोठी असते. खोली चार-पाच इंच. तिच्यातून तो मूळ सूर नीट निघतच नाही. आपला कान हुशार, वरच्या उपस्वरांवरून तो खालचा सूर स्वतःच जुळवून घेतो, म्हणून ऐकणाऱ्याला काहीतरी मिळाल्यासारखे वाटते. बाजूला दुसरी एखादी गिटार किंवा ढोलकी सुरू झाली की तेही संपते. म्हणून तर तिच्या कुशीत बॅटरीचा कप्पा आणि वायर खुपसायला भोक असते. बिनविजेची म्हणून विकायची आणि विजेशिवाय मुकी. याला आमच्याकडे सरळ भाषेत काय म्हणतात ते छापण्याजोगे नाही.

आणि हे कोडे सुटलेले नव्हते असेही नाही. मेक्सिकोत मारियाची गायकांचे ताफे रस्त्यातून चालत गातात; त्यांच्याकडे ना मंच ना कर्णे. त्यांचे खर्जाचे वाद्य गितारोन: सहा तारा, पडदे नाहीत, पाठ फुगीर, पेटी अवाढव्य खोल, आणि वाजवणारा एकाच वेळी दोन तारा छेडून एकच स्वर दोन सप्तकांत काढतो. गरीब माणसाने अकलेने काढलेला मार्ग. त्यावरूनच अमेरिकेत अर्नी बॉल यांनी १९७२ मध्ये ‘अर्थवूड’ नावाची बास काढली. तिची पेटी आठ इंचांहून खोल होती. ती बोलत असे, पण कवेत मावत नसे. १९८५ नंतर ती निघाली नाही. पुढच्या कारखानदारांनी बहुतांशी पेटी लहान केली आणि आत बॅटरी घातली. कारण लहान पेटी खोक्यात बसते, जहाजात जास्त मावते, दुकानात टांगता येते. सुराचा विचार त्या हिशेबात शेवटच्या ओळीला.

माझ्या बासची पेटी पावणेआठ इंच खोल आहे. बसून वाजवताना उजवा हात थोडा अवघडतो, हे मान्य. पाठीचे आणि बाजूंचे लाकूड शिसवी. शहापुरातला एक जुना वाडा पाडला तेव्हा पाडकामाच्या मालात आलेल्या पलंगाची डोक्याकडची फळी. ती उभी चिरून दोन पाने केली आणि पुस्तक उघडावे तशी शेजारी शेजारी जोडली. दोन्हीकडच्या रेषा समोरासमोर येतात. बाजूच्या पट्ट्या अडीच मिलिमीटरपर्यंत उतरवल्या, भिजवल्या आणि तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वळवल्या. शिसवी या वेळी गुलाबासारखी वास मारते. इंग्रजांनी तिला ‘रोजवूड’ म्हटले ते उगीच नव्हे. वरची फळी देवदाराची, सरळ उभ्या रेषांची. ती रंध्याने उतरवताना मोजपट्टी थोडाच वेळ उपयोगी पडते. मग टिचकी मारायची आणि ऐकायचे. जाड असेपर्यंत फळी ठक्क म्हणते. पुढे एका घडीला तिच्यात घुमारा येतो. तिथून आणखी चार हात फिरवले तर ती मऊ पडते आणि ताणाखाली बसते. थांबायचे कुठे, हे कुठल्याही पुस्तकात मिलिमीटरमध्ये सांगता येत नाही, कारण प्रत्येक फळी वेगळी. चार तारांचा मिळून ओढा सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातो. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस घोडीला लोंबकळत असल्यासारखा. त्याला तोंड देईल इतकी मजबूत आणि तरी हलेल इतकी हलकी, अशी ती फळी हवी. आतल्या आधाराच्या पट्ट्या याच भांडणाचा निकाल लावण्यासाठी असतात. जोड सरसाचे. मान सागवानी.

तारा आणि खुंट्यांची यंत्रे मात्र बाहेरून विकत आणली. सगळेच घरी करावे असा माझा हट्ट नाही. तार ओढायचा कारखाना काही मी घालणार नाही. पाच हजारांच्या सभेत वाजवणाऱ्याने पिकअप लावू नये असेही मी म्हणत नाही. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी विजेची बास बाजारात आणली, तीसुद्धा डबल बास वाहून वाहून वैतागलेल्या आणि तरीही कोणाला ऐकू न येणाऱ्या वादकांची अडचण दूर करायला. ती प्रामाणिक वस्तू आहे. वीज लागते, असे तोंडावर सांगते.

आता शिसवीकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

ब्राझीलच्या शिसवीचे ओंडके मिळेनासे झाले तेव्हा, १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने आपल्या गिटारींना भारतीय शिसवी लावायला सुरुवात केली. तेव्हापासून जगातल्या चांगल्या गिटारीच्या पाठीवर पश्चिम घाटातली शिसवी दिसू लागली. आपल्या जंगलात वाढलेले झाड. आपण काय केले? चिरून फळ्या पाठवल्या आणि त्यांच्या गिटारींच्या किमती मासिकांत पाहून डोळे विस्फारले. २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जातभाईंच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रण आले. ते योग्यच झाले. झाडे उरली तर पुढचे बोलणे. पण त्याच करारात २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, ही गोष्ट आमच्यापैकी कितीजणांच्या कानी आली? फळी पाठवाल तर कागदपत्रांचा ससेमिरा, त्याच फळीचे वाद्य करून पाठवाल तर त्या करारापुरती वाट मोकळी. खानापूरच्या एखाद्या चांगल्या सुताराला हे कोणी सांगितले असते तर त्याचा मुलगा आज पुण्याला प्लायवुडची कपाटे ठोकत बसला नसता.

पण सांगणार कोण? आमच्यात विद्वान आणि सुतार एका पंक्तीला बसत नाहीत. संगीत संमेलनात गवयाला शाल, साथीदाराला नारळ, आणि तानपुरा ज्याने केला त्याला बोलावणेसुद्धा नाही. बेळगावहून रेल्वेने तीनेक तासांवर मिरज. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारे ठेवून सतार-तानपुरे करायला घेतले आणि अख्ख्या हिंदुस्थानच्या गवयांना पुरवले. त्या कामाला भौगोलिक मानांकन मिळायला २०२४ साल उजाडले. इकडे आमच्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या एकाच गावाने संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर आणि लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव किर्लोस्कर दिले. अण्णासाहेबांच्या नावाने आम्ही नाट्यगीतांच्या रात्री जागवतो. लक्ष्मणरावांना बेळगावात कारखान्याला जागा उरली नाही म्हणून १९१० मध्ये औंध संस्थानात जाऊन किर्लोस्करवाडी वसवावी लागली. गाणारा आमचा आणि घडवणारा दुसरीकडे, ही रीत तेव्हापासूनची आहे. दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर किती मोठे, यासाठी आम्ही आयुष्ये घालवली. घालवलीच पाहिजेत, मीही मोर्चात होतो. पण पाटीखालच्या दुकानात विकायला ठेवलेली एकही वस्तू आम्ही केलेली नसते, याबद्दल मोर्चा निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

‘हौस म्हणून ठीक, पण पोट भरेल का?’ असे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले. हिशेब सांगतो. जुने लाकूड, तारा, खुंट्या, सरस, चपडा धरून मला जो खर्च आला तो एका बऱ्या मोबाइल फोनपेक्षा कमी आहे. वेळ गेला चार महिन्यांच्या संध्याकाळी. रोज पूर्ण वेळ बसणारा कसबी माणूस याच्या चौथाई वेळात करील. आयटीआयमध्ये सुतारकामाचा वर्ग असतोच. त्यात वर्षाकाठी चार मुलांना दाराच्या चौकटीऐवजी एक गिटार करू द्यायला कोणता वटहुकूम लागतो? मी एका संस्थेत हे विचारायला गेलो होतो. साहेबांनी चहा दिला आणि अभ्यासक्रमात बसत नाही म्हणून सांगितले.

बास सध्या दर शनिवारी आमच्या गल्लीतल्या भजनात वाजते. दोन झांजा, मृदंग आणि पेटी असताना शेवटच्या रांगेत ऐकू येते, बॅटरी नाही. पेटी वळवण्याचा साचा, आतल्या पट्ट्यांचे कागदावरचे आराखडे आणि पडद्यांच्या अंतरांचा तक्ता माझ्या माळ्यावर आहे. कोणा सुताराला हवा असेल तर त्याने येऊन न्यावा. भाडे नाही, अनामत नाही. प्राध्यापकांनी मात्र आधी रंधा धरून दाखवावा.