देशाची बाजू मांडणारा वकील





दहावीचा निकाल लागला की शाळेच्या ऑफिसात पालकांची गर्दी होते. प्रश्न ठरलेला असतो, "बाई, सायन्स घ्यावं की कॉमर्स?" टक्के कमी पडले तर खालच्या आवाजात, "मग आर्ट्सच घ्यावं लागेल का?" मुलाला किंवा मुलीला वकील करायचे आहे, असे म्हणत आलेला पालक मला क्वचितच भेटतो. वकील म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोर्टाच्या तारखा, जमिनीचे वाद आणि भाऊबंदकी येते. या अंकात मला एका वेगळ्या वकिलाबद्दल लिहायचे आहे. आपले सरकार दुसऱ्या देशासमोर उभे राहते तेव्हा त्याच्या वतीने बोलणारा वकील, आणि त्यातही विमानांच्या, आकाशाच्या कायद्यात बोलणारा वकील.

हा विषय आताच घेण्याचे कारण आहे. आठवी ते दहावीचा ग्रंथालयाचा आणि वक्तृत्वाचा तास कमी करून तो गणित-विज्ञानाच्या जादा वर्गाला द्यावा, अशी सूचना काही पालकांनी आणि विश्वस्तांनीही केली आहे. सूचना मुलांच्या भल्यासाठीच आहे, याबद्दल शंका नाही. पण माझे मत वेगळे आहे आणि ते मी येथे मोकळेपणाने मांडते.

प्रथम करार म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी दूर जायला नको. आपले सचिन हे संस्थान एका करारातूनच जन्माला आले. जंजिऱ्याची गादी गमावलेला सिद्दी अब्दुल करीम खान, म्हणजे बालूमियाँ, पुण्याला पेशव्यांच्या आश्रयाला गेला. सवाई माधवरावांच्या काळात, 1791 साली, त्याने जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात त्याला सुरतेजवळचा हा मुलूख मिळाला. कागदावर जंजिरा पेशव्यांचा झाला, पण किल्ला शेवटपर्यंत सिद्दींकडेच राहिला. सचिनची नवाबी मात्र 1948 पर्यंत चालली. करारात लिहिलेले एक आणि हातात पडलेले दुसरे, असे होऊ शकते. या दोहोंमधले अंतर शब्दांनी, पुराव्यांनी आणि तर्काने भरून काढणे हेच करारांच्या वकिलाचे काम असते.

आता आकाशाकडे वळू. आपल्याला वाटते आकाश सर्वांचे. कायदा तसे म्हणत नाही. 7 डिसेंबर 1944 रोजी अमेरिकेतील शिकागो येथे झालेल्या कराराचे पहिलेच कलम सांगते की प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण सत्ता आहे. या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. तिचे मुख्यालय कॅनडातील मॉन्ट्रियल येथे आहे आणि आज 193 देश तिचे सदस्य आहेत. सुरतेहून शारजाला जाणारे विमान दुसऱ्या देशाच्या आकाशात शिरते ते या करारामुळे आणि त्याखाली झालेल्या देशादेशांतील करारांमुळे. करार मोडला असे एखाद्या देशाला वाटले तर तक्रार त्या संघटनेच्या परिषदेकडे जाते आणि तिच्या निर्णयावर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात अपील करता येते.

ही तरतूद न्यायालयापर्यंत प्रथम नेली ती आपल्या भारताने. 30 जानेवारी 1971 रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' नावाचे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले. प्रवासी सुटले, पण 2 फेब्रुवारीला विमान तेथेच जाळले गेले. 4 फेब्रुवारीला भारताने आपले आकाश पाकिस्तानी विमानांना बंद केले. तेव्हा बांगलादेश झालेला नव्हता. पाकिस्तानचे दोन भाग भारताच्या दोन बाजूंना होते, त्यामुळे त्यांच्या विमानांना श्रीलंकेचा वळसा घेऊन जावे लागले. पाकिस्तानने मॉन्ट्रियलला तक्रार केली. भारताचे म्हणणे असे की 1965 च्या युद्धापासून दोन देशांत तो करार स्थगितच आहे, तेव्हा या परिषदेला हा वाद ऐकण्याचा अधिकार नाही. परिषदेने ते मानले नाही. भारत हेगला गेला.

भारताची बाजू मांडायला सरकारने निवडले मुंबईचे नानी पालखीवाला यांना. ही निवड मुलांनी नीट समजून घ्यावी. आदल्याच वर्षी, 1970 मध्ये, बँक राष्ट्रीयीकरणाच्या आणि राजांच्या तनख्यांच्या अशा दोन मोठ्या खटल्यांत त्यांनी याच सरकारचा सुप्रीम कोर्टात पराभव केला होता. तरीही देशाचे काम निघाले तेव्हा सरकारने त्यांनाच बोलावले आणि त्यांनीही ते स्वीकारले. हेगचे काम आटोपल्यावर त्याच 1972 साली केशवानंद भारती खटल्यात ते पुन्हा सरकारच्या विरुद्ध उभे राहिले. सरकारशी मतभेद असणे आणि देशाची बाजू मांडणे या दोन गोष्टी एका माणसात सुखाने नांदू शकतात, हे आजच्या दिवसांत विशेष सांगण्यासारखे आहे.

निकाल 18 ऑगस्ट 1972 रोजी लागला. हे अपील ऐकण्याचा न्यायालयालाच अधिकार नाही, हा पाकिस्तानचा आक्षेप 13 विरुद्ध 3 मतांनी फेटाळला गेला. पण मुख्य मुद्द्यावर 14 विरुद्ध 2 मतांनी भारत हरला. करार स्थगित आहे असे एका बाजूने म्हटल्याने त्यातले वाद सोडवण्याचे कलम संपत नाही, असे न्यायालयाने सांगितले. भारताने निकाल मानला. पुढे 1976 मध्ये दोन्ही देशांनी आपसांत समेट करून प्रकरण मिटवले.

मग ती मेहनत वाया गेली का? नाही. 2017 मध्ये कतार या लहान देशाला शेजारच्या देशांनी आपले आकाश बंद केले. तो वाद हेगला पोहोचला तेव्हा 14 जुलै 2020 च्या निकालात न्यायालयाने 1972 च्या आपल्या खटल्याचा आधार घेतला आणि निकाल कतारच्या बाजूने लागला. जो वाद नीट मांडला गेला तो हरला तरी कायद्यात राहतो आणि पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडतो.

दुसरे प्रकरण आपल्या गुजरातच्याच सीमेवरचे आहे. 10 ऑगस्ट 1999 रोजी कच्छच्या सीमेजवळ भारतीय वायुदलाने पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक जातीचे विमान पाडले. त्यातले 16 जण मृत्युमुखी पडले. विमान आमच्या हद्दीत शिरले होते असे भारताने सांगितले. ते आमच्याच हद्दीत होते असे पाकिस्तानने. पाकिस्तान हेगला गेला आणि नुकसानभरपाई मागितली. या वेळी भारताचे अॅटर्नी जनरल सोली सोराबजी उभे राहिले. त्यांनी 1974 सालचा एक कागद पुढे केला. राष्ट्रकुलातील देशांशी होणारे वाद या न्यायालयात नेण्यास आमची संमती नाही, असे भारताने त्यात लिहून ठेवले होते. 21 जून 2000 रोजी 14 विरुद्ध 2 मतांनी न्यायालयाने भारताचे म्हणणे मान्य केले.

येथे चांगला विद्यार्थी विचारेल, "बाई, 16 माणसे गेली आणि चूक कोणाची हे ठरलेच नाही. ही पळवाट नाही का?" प्रश्न योग्य आहे आणि तो विचारला गेलाच पाहिजे. माझे उत्तर असे की, देशांवर राज्य करणारा कोणी राजा नाही. तेथे न्यायालयाचा अधिकार संमतीतूनच येतो. ती संमती वाकवायला लागलो तर पुढे कोणताच देश संमती देणार नाही. शिवाय न्यायालयाने त्याच निकालात दोन्ही देशांना बजावले की अधिकार नसला तरी वाद शांततेने सोडवण्याचे कर्तव्य सुटत नाही. पुढे कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात भारतच पाकिस्तानविरुद्ध हेगला गेला. त्या वेळी दोन्ही देशांची सही असलेला व्हिएन्ना करार आणि त्याची जोडपुरवणी होती, म्हणून न्यायालयाला अधिकार मिळाला. नागपूरचे हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर ती बाजू मांडली आणि 17 जुलै 2019 रोजी 15 विरुद्ध 1 मतांनी भारताचे मुख्य म्हणणे मान्य झाले. कोणत्या कागदावर आपली सही आहे आणि त्यात नेमका शब्द काय आहे, यावर माणसाचे प्राण अवलंबून असू शकतात.

हे सारे दूरचे वाटत असेल तर 12 जून 2025 चा दिवस आठवावा. अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान कोसळले. विमानातील 242 पैकी 241 जण गेले, जमिनीवरचेही अनेक गेले. अशा कुटुंबांना आधार देणारा कायदा 1999 साली मॉन्ट्रियल येथे देशोदेशींच्या सरकारी वकिलांनी बसून लिहिला. भारत 2009 मध्ये त्यात सामील झाला. या करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात मृत्यू झाल्यास ठरावीक रकमेपर्यंत "आमची चूक नव्हती" असे विमान कंपनीला म्हणताच येत नाही. 28 डिसेंबर 2024 पासून ही मर्यादा नाणेनिधीच्या हिशेबी एककात 1,51,880 इतकी आहे. रुपयांत सांगायचे तर पावणेदोन-दोन कोटींच्या आसपास. त्याहून जास्त नुकसान झाले असेल तर कुटुंब जास्तही मागू शकते. गेलेला माणूस परत येत नाही, हे खरे. पण घर चालवायचे असते, मुलांची फी भरायची असते. कोणीतरी कुठेतरी एक वाक्य काळजीपूर्वक लिहिले, म्हणून त्या घराला हक्काने मागता येते.

आता भाषेचा प्रश्न. हेगच्या न्यायालयाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. तेव्हा इंग्रजी आलेच पाहिजे, यात मी कोणाला फसवणार नाही. माझे स्वतःचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. इंग्रजीची भीती काय असते ते मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पण अनुभव असा की ज्याला आपल्या भाषेतले लांब वाक्य फोडून त्याचा अर्थ लावता येतो, तो दुसरी भाषाही त्याच सवयीने शिकतो. पालखीवाला आणि सोराबजी दोघेही मुंबईच्या पारशी समाजातले, घरची बोली गुजराती. आपण गुजरातेत मराठी बोलणारे. आपली मुले घरी मराठी किंवा अहिराणी, गल्लीत गुजराती, कारखान्याच्या गेटवर हिंदी आणि वर्गात इंग्रजी ऐकतात. एकच गोष्ट चार भाषांत सांगण्याची सवय त्यांना लहानपणापासून आहे. ही वकिलाची निम्मी तयारी आहे. आणि बोलताना अडखळणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट सांगते. पालखीवाला लहानपणी तोतरे बोलत. जिद्दीने सराव करून त्यांनी त्यावर मात केली.

काही पालक म्हणतील, "आमच्या मुलाला हेगला कोण पाठवणार?" कदाचित कोणी पाठवणारही नाही. पण एक वकील उभा राहतो तेव्हा त्याच्यामागे फायली वाचणारी, जुने कागद शोधणारी कितीतरी माणसे असतात. परराष्ट्र मंत्रालयात यासाठी विधी व करार विभाग आहे. सरकारी कायदेविषयक जागा यूपीएससीमार्फत भरल्या जातात. बारावीनंतर क्लॅट परीक्षा देऊन पाच वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो, किंवा कोणत्याही पदवीनंतर सुरतेतच तीन वर्षांचे एलएलबी करता येते. पुढे आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम करावे. विज्ञान शाखेतूनही या वाटेने जाता येते. विमान समजणारा वकील तर हवाच आहे.

आणि समजा मूल वकील झालेच नाही, तरी काय बिघडले? सचिन जीआयडीसीत किंवा पांडेसऱ्यात काम करणाऱ्या घरात रोज कागद येतात. पीएफचा फॉर्म, विम्याची पॉलिसी, खोलीचा भाडेकरार, बँकेचे कर्ज. बारीक अक्षरात लिहिलेली अट सहीच्या आधी वाचणारे एक मूल घरात असले तर त्या घराचे किती पैसे वाचतील, याचा हिशेब पालकांनीच करावा. गुजरातीत म्हणतात, "बोले तेनां बोर वेचाय." मी त्यात एवढीच भर घालेन की बोलण्याआधी वाचलेले असावे.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे. गणित-विज्ञानाचे जादा वर्ग अवश्य घ्यावेत, त्यासाठी मी व माझे सहकारी शाळा सुटल्यावर एक तास थांबायला तयार आहोत. पण वाचनाचा आणि बोलण्याचा तास काढून घेऊ नये. उलट महिन्यातून एकदा आठवी ते दहावीच्या मुलांचा पक्ष-विपक्ष वाद ठेवावा. विषय एक, कागद एक, आणि चिठ्ठी टाकून बाजू ठरवावी, म्हणजे आपल्याला न पटणारी बाजूही प्रामाणिकपणे मांडण्याची सवय लागेल. सुरत कोर्टात वकिली करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना परीक्षक म्हणून बोलवावे. पहिला विषय मी सुचवते: "1971 मध्ये भारताने आकाश बंद केले ते कायद्याला धरून होते का?" एप्रिल 2025 मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा आकाश बंद केले, तेव्हा विषय जुना झालेला नाही.

पालकांनो, यंदा निकालानंतर ऑफिसात याल तेव्हा सायन्स, कॉमर्सबरोबर हाही प्रश्न विचारा. मी वाट पाहीन.

आपली,
मुख्याध्यापिका